तिसरा ठिपका

यशू आणि कबीर,

मागच्या हिवाळ्यात तुम्ही वडशाला आला होतात, तेव्हा यशूने मला विचारलं होतं, "आजी, तुझा तिसरा ठिपका कुठे गेला?" मी म्हणाले होते, उंदराने नेला. खरं उत्तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. या हिवाळ्यात तुम्ही पुन्हा येणार. घरात पाऊल टाकल्यापासून दोघंही माझ्या उजव्या गालाकडे चोरून बघाल, आणि तुमचा बाबा डोळे वटारून तुम्हाला गप्प करील. ते मला नको आहे. म्हणून आधीच सगळं लिहून पाठवते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेवढं मला येतं. पण यात शेवंताआजी आहे, आणि ती इंग्रजीत बोलायला लागली की ती शेवंताआजी राहत नाही. तेव्हा बाबाकडून वाचून घ्या. त्याला सांगा, त्याच्याविषयी लिहिलेला भाग वगळायचा नाही.

ठिपके

माझ्या उजव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, तीन गोंदलेले ठिपके होते. दोन खाली आणि एक वर, चुलीचे तीन दगड मांडावेत तसे. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यात धान निघाल्यावर गोंदणारी बाई यायची. मी शाळेत जायच्या आधीच माझ्या आजीने मला तिच्यापुढे बसवलं. माझे वडील तेव्हा नुकतीच बौद्ध दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. पोरीच्या तोंडावर पुन्हा जुनंच लिहिलं म्हणून ते स्वतःच्या आईवर चिडले. आजी एवढंच म्हणाली, "पोरीजवळ काई दागिना नाई. एवढा तरी राहू दे."

शेवंता ही तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले आहेत, ते तुम्ही पाहिलेत. माणूस गेलं की सगळं इथेच राहतं, फक्त गोंदण सोबत जातं, असं ती मानते. मी मानत नाही. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी निवडता निवडता आम्ही यावर कितीतरी वर्षं वाद घालत आलो आहोत. दोघींपैकी कोणी हरलं नाही, भाजी मात्र निवडून व्हायची.

निदान

तुम्हाला नाटकाला न्यायचं ठरलं होतं, ती संध्याकाळ आठवते का? यशूला माझ्यासारखे ठिपके हवे होते. काजळाची काडी घेऊन, माझ्या गालाकडे बघत बघत ती आरशात स्वतःच्या गालावर ठिपके काढत होती. दोन काढून थांबली आणि तिने तो प्रश्न विचारला. मग तिसरा ठिपका मनाने काढला आणि गालाला गाल लावून आमच्या दोघींचा फोटो घेतला.

तिसऱ्या ठिपक्याच्या जागी तेव्हा मोत्यासारखी चमकणारी एक बारीक गाठ होती. मी तिला चामखीळ समजत होते. तुम्ही परत गेलात आणि ती फुटली. खपली धरायची, तोंड पुसताना निघून यायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा खपली. दुखत नव्हतं, म्हणून मी औषधाच्या दुकानातून मलम आणून लावत राहिले. शेवटी शेवंताच म्हणाली, "वहिनी, हे जखम नाई. जखम असती तं आतापरेंत भरून आली असती."

कातडीच्या डॉक्टरांनी कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल घ्यायला मी एकटी गेले. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा. सहसा दूर पसरत नाही, मात्र जिथे असतो तिथलं खात जातो. तिसरा ठिपका त्यानेच खाल्ला होता, आणि आता तो वर, पापणीकडे निघाला होता.

"डोळा?" मी विचारलं.

"अजून सुरक्षित आहे. म्हणून उशीर करू नका."

अहवालात एक स्पेलिंग चुकलं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि ते दुरुस्त केलं. अक्षर वाकडं आलं.

घरी आले तर शेवंता भात टाकत होती. "काय मनलं डाक्टर?"

"कॅन्सर आहे."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तुमाले? तुमी तं सुपारीचं खांडबी तोंडात टाकत नाई."

तुमचा बाबा घाबरला की मोठ्याने बोलतो. लहानपणापासून तो तसाच आहे. कॅलगरीहून त्याने मुंबईचे डॉक्टर शोधले, माझे कागद मागवले, आणि मी मुंबईला जाणार नाही म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी फक्त शेवंतामार्फत बोलला. मला उपचार इथेच हवे होते. परक्या शहरात, परक्या घरात आजारी पडायचं बळ माझ्यात नव्हतं. आता तो मान्य करतो.

आखणी

चंद्रपूरच्या रुग्णालयात किरणोपचाराच्या डॉक्टर तरुण होत्या, आवाज बारीक आणि हात एकदम स्थिर. त्यांनी सांगितलं की शस्त्रक्रिया करता येईल, पण तिथे दुसरीकडची कातडी आणून लावावी लागेल आणि खालची पापणी ओढली जाण्याची भीती आहे. शिवाय हृदयासाठी मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. त्यापेक्षा कातडीपुरतेच आत जाणारे किरण द्यावेत, असं त्यांचं मत पडलं. तिथल्या बाकांवर सगळे त्याला 'शेक' म्हणत.

पण शेकाआधी आखणी. प्रखर दिव्याखाली, भिंगातून बघत, डॉक्टर रोगाच्या कडेने पेनाने रेघ काढणार. त्या रेघेबाहेर थोडी निरोगी कातडी धरून दुसरी रेघ. त्या आकाराची खिडकी शिशाच्या पत्र्यात कापायची. पत्रा चेहऱ्यावर ठेवला की किरण फक्त खिडकीतून जातील, बाकी चेहरा झाकलेला. डोळ्यात वेगळं झाकण.

"सगळं त्या पहिल्या रेघेवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कड नीट दिसली पाहिजे. पुढच्या आठवड्यात येईपर्यंत कुठलंही औषध लावू नका."

घरी येऊन मी शेवंताला हे शब्दाला शब्द सांगितलं. औषध लावायचं नाही. तिने मान डोलावली.

बिबा

आखणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कूलरसमोर पडले होते. बाहेर चंद्रपुरी ऊन, तुम्ही कधी न पाहिलेलं. शेवंता रोज त्या वेळी माझ्या कपाळाला टोळीचं तेल लावून देते. टोळ म्हणजे मोहाचं फळ, त्याच्या बियांचं तेल. "डोळे मिटा वहिनी," ती म्हणाली. मी मिटले. कपाळावर तेल आलं, मग गालावर काहीतरी गरम टोचल्यासारखं झालं. खपली निघाली असेल असं वाटलं.

"झालं," ती म्हणाली. "पुरे तीन."

मी उठून आरशात पाहिलं. खपलीवर, जिथे माझा तिसरा ठिपका असायचा बरोबर तिथे, काळाभोर ठिपका होता. शेवंताच्या हातात सुई होती आणि बशीत तापवलेला बिबा.

बिबा म्हणजे जंगलातली एक बी. तिचं काळं तेल लागलं की डाग जात नाही, म्हणून पूर्वी धोबी कपड्यांवर त्यानेच खूण करत. त्याच तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात.

"शेवंता, तुला सांगितलं होतं ना, औषध लावायचं नाही म्हणून?"

"औषध कुठी लावलो? ठिपका लावलो." मग खाली बघत म्हणाली, "उद्या मशीनखाली जाता. काई झालं मंग? अर्ध्या गोंदणानं कशा जासाल?"

मला रागावायला वेळ मिळाला नाही. दिवे लागेपर्यंत गाल लाल झाला. सकाळी उठले तेव्हा फोड आले होते आणि उजवा डोळा सुजून मिटला होता.

तरीही आम्ही रेल्वेने चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला उतरून रुग्णालयात गेलो. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेवंता. मध्ये आलापल्लीचे एक भाऊ बसले होते, वनखात्यातून निवृत्त झालेले. घशाच्या शेकासाठी यायचे. त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"बाई, मीनं तमाखूचा खर्रा खाल्ला मनून इथी आलो. तुमी काय खाल्लं?"

"इंग्रजी व्याकरण," मी म्हणाले.

"मंग तुमचं कठीण आहे. खर्रा सुटते तरी."

त्या दिवसातलं ते एकच हसू.

डॉक्टरांनी दिवा वळवला, भिंग धरलं. मग विचारलं, "हे काय लावलंय?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "मीनं लावलो, बाई. बिबा. वहिनीले मालूम नोतं."

"औषध म्हणून लावलंत?"

"नाई. ठिपका मिटला होता, तो भरलो."

डॉक्टर तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि मला समजावलं. सगळंच लाल आणि सुजलेलं आहे. रोगाची कड कुठली आणि बिब्याची कुठली, हे आज ओळखता येणार नाही. अंदाजाने रेघ काढली तर रोग थोडा बाहेर राहील, नाहीतर पापणी नको तितकी आत येईल. सूज उतरेपर्यंत थांबायचं.

"आणि तोवर तो पापणीत गेला तर?"

"सावकाश वाढणारा आहे. थोडं थांबता येईल. फार नाही."

पिशवी

त्या रात्री तुमच्या बाबाचा फोन आला. तो स्पीकरवर होता, हे तो विसरला. उपचार होईपर्यंत आत्याला तिच्या सासरी पोंभुर्ण्याला पाठवून दे, म्हणाला. ती घरात असेपर्यंत तुझा डोळा सुरक्षित नाही.

सकाळी शेवंता पिशवी भरून दारात उभी.

माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली. "कुठी चालली?"

"विवेक बरोबर मनते."

"आन मले गाडीतून हात धरून कोण उतरवन? एका डोळ्यानं पायरी दिसत नाई."

ती उभीच राहिली. मग पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मी तिला माफ केलं होतं असं समजू नका. मला तिची गरज होती आणि तिचा रागही होता. दोन्ही एकाच घरात राहत होते. कितीतरी दिवस आम्ही भाजी मुक्याने निवडली. ती पिशवीही तशीच भरलेली कोपऱ्यात होती.

डोळा उघडायला लागल्यावर मी एक सवय लावून घेतली. सकाळी डावा डोळा हाताने झाकायचा आणि उजव्याने वर्तमानपत्र वाचायचं. मोठे मथळे, मग बातमी, मग खालच्या बारीक जाहिराती. जाहिराती वाचता आल्या की दिवस सुरू. शेवंता गॅसजवळून बघत असायची. मी पान उलटलं की तीही कामाला लागायची.

यशूचा फोटो

पुन्हा आखणीला गेलो तेव्हा सूज उतरली होती, पण कातडी सोलून करडी झाली होती. वरची, पापणीकडची कड भिंगातून दिसत होती. खालची मात्र बिब्याच्या डागात हरवली होती.

"आधीचा एखादा फोटो आहे का? जवळून घेतलेला?" डॉक्टरांनी विचारलं.

मला आठवलं. तुमच्याकडे तेव्हा रात्र होती, तरी बाबाला उठवलं. यशूने घेतलेला, गालाला गाल लावलेला फोटो हवा म्हटलं. त्याने एक शब्द न विचारता पाठवला.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. "पण यात ठिपके डाव्या गालावर आहेत." मग स्वतःच हसल्या, सेल्फी होती, आरशासारखी उलटी. त्यांनी फोटो उलटवला. छोट्या पट्टीने माझ्या गालावरच्या उरलेल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, तेच फोटोत मोजलं. ते दोन ठिपके जागचे हलणार नव्हते, म्हणून त्यांच्यावरून गाठ तेव्हा नेमकी कुठे होती ते काढता आलं. "तेव्हापासून ती वाढली असणार, त्यामुळे फोटोवर सगळी भिस्त ठेवणार नाही. पण ती कुठून निघाली ते कळलं." मग कातडी बोटाने ताणून, चाचपून, पुन्हा भिंगातून बघत त्यांनी पहिली रेघ काढली. पेनाचं टोक गार लागत होतं.

मग दुसरी रेघ. ती काढताना त्या थांबल्या.

"आजी, उरलेल्यातला एक ठिपका आत येतोय. किरणांनी तो फिका पडेल की जाईल, मला सांगता येणार नाही. रेघ आत घेतली तर ठिपका वाचेल. पण तसं करायची माझी तयारी नाही."

गोंदण सोबत जातं हे मी कधीच मानलं नाही. कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा या ठिपक्यांवर पावडर लावून जात होते. तरीही त्या क्षणी माझ्याने 'हो' म्हणवेना. माझी आजी आणि 'एवढा तरी राहू दे' म्हणणारा तिचा आवाज, एवढंच कानात होतं. मी शेवंताकडे पाहिलं.

शेवंता उठून खुर्चीपाशी आली. माझा गाल, निळी रेघ, ठिपका, सगळं नीट बघितलं.

"ठिपका घ्या बाई आत," ती डॉक्टरांना म्हणाली. "डोळा पाह्यजे. ठिपक्याचं मी पाहून घेईन."

"तुम्ही काहीही पाहू नका, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

आधी शेवंताच हसली. मग मी. गाल हलवू नका म्हणून डॉक्टरांनी दटावलं, तेव्हा त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

त्यांनी रेघ पुरी केली, पारदर्शक कागदावर उतरवून घेतली, फोटो काढले. त्या कागदावरून शिशाची खिडकी कापली गेली. परतीच्या गाडीत शेवंता माझ्या शेजारी बसली, टोकाला नाही. घरी आल्यावर तिने पिशवी रिकामी केली.

शेक

शेकाविषयी फार सांगण्यासारखं नाही. डोळ्यात थेंब टाकून तो बधिर करत आणि पापणीखाली छोट्या वाटीसारखं गुळगुळीत झाकण बसवत. चेहऱ्यावर शिशाचा थंड, जड पत्रा. सगळे बाहेर जात, दार बंद होई. थोडी घरघर, संपलं. दुखत नाही. पण त्या खोलीत आपण अगदी एकटे असतो. मी मनात तुम्हा दोघांच्या वयाच्या मुलांना शिकवतात त्या कविता म्हणत असे. अर्ध्या विसरले होते.

पुढे गाल भाजल्यासारखा झाला, पाझरला, त्यावर जाड खपली आली. ते दिवस वाईट होते. सांगितलेलं मलम शेवंता लावायची. आधी हात धुवायची, मग नळी माझ्यापुढे धरून नाव वाचायला लावायची. "हेच ना? विचारून लावतो बाप्पा." आलापल्लीचे भाऊ बाकावर दुपट्टा टाकून आमची जागा धरून ठेवत. पुढे शेकाने त्यांचा आवाज बसला, तेव्हा ते नुसती मान हलवून जागा दाखवत.

तुमच्यातलं कोणी कधी अशा बाकावर बसलंच, किंवा कोणाच्या सोबतीला गेलंच, तर माझ्याकडून एवढं घ्या. न भरणारी जखम डॉक्टरला दाखवा, दुखत नसली तरी. आपल्या माणसांचे चेहरे जवळून फोटोत घेऊन ठेवा. आणि काही लावू नका असं डॉक्टर म्हणाले, तर घरच्यांना नुसतं 'औषध' म्हणून सांगू नका. हळद, तेल, अंगारा, बिबा, सगळ्यांची नावं घेऊन सांगा. जो लावतो तो बहुतेक वेळा प्रेमानेच लावतो.

आता

खपली पडून गेली, तिच्याबरोबर बिब्याचा डागही गेला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि आता बऱ्याच महिन्यांनी या म्हणाल्या. तुम्ही याल तेव्हा माझ्या उजव्या गालावर नाण्याएवढा फिका चट्टा दिसेल. खालच्या पापणीला कडेला केस नाहीत. वारा लागला की डोळ्यातून पाणी येतं, ते रडणं नाही. हवं तर हात लावून बघा.

खिडकीच्या आत आलेला ठिपका फिका झाला आहे, उन्हात उभी राहिले तरच निळसर दिसतो. बाहेरचा होता तसा आहे. शेवंताआजी आत लाखोळी निवडते आहे. उजव्या डोळ्याने मी आज सकाळी वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचल्या.

तिसरा ठिपका गेला. दोन आहेत.